धोंडीबाच्या नावचा दंड

चैत्री पुनवेचं उधाण त्या वर्षी वाऱ्यासकट आलं आणि कळव्याच्या अंगाला असलेल्या खारीचा बांध मधोमध फुटला. बांधाला असं भगदाड पडलं की तिकडे त्याला खांड म्हणतात. खांड पडल्यावर घरटी एक माणूस चिखलात उतरतो, असा गावाचा रिवाज. काळुराम केणीच्या घरातून दोघी उतरल्या. त्याची म्हातारी आई बायजा बांधावर बसून ढेकळं फोडत होती आणि त्याची बायको तुळसा लुगड्याचा काष्टा मारून कमरेइतक्या पाण्यात चिखलाचे गोळे वाहत होती. त्यांचं शेत खांडीच्या अगदी तोंडाशी. खारं पाणी उन्हाळाभर तिथे राहिलं, तर पुढली दोन-तीन वर्षं भाताची काडी उगवणार नव्हती.

काळुराम त्या दिवशी कामावर होता. ठाण्याला सरकारच्या रस्त्याच्या खात्यात तो ट्रक चालवायचा. त्याचा बाप मिठागरावर मीठ ओढता ओढता खंगून गेला. पायाच्या भेगांत मीठ गेलेला बाप काळुरामने पाहिला होता, म्हणून लढाईच्या काळात लष्कराच्या गाड्यांवर क्लीनर लागतील असं कळल्याबरोबर तो पळत गेला आणि येताना लायसन घेऊन आला. खात्यात तो अजून हंगामी होता. पावसाळ्याआधी कायम करू, असं ओव्हरसियर हरिहरराव म्हणाले होते.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बांध कसाबसा उभा राहिलेला होता. पण रात्रीच्या भरतीने तो सगळा चिखल चाटून नेला. सकाळी ओहोटीला माणसं पुन्हा बांधावर जमली ती नुसती बघत उभी राहिली. कोणाच्या अंगात पुन्हा टोपली उचलायचं बळ नव्हतं. गावातला जाणता माणूस नाथा पाण्यात काठी खुपसून म्हणाला, "चिखल नाय राह्याचा आता. तलाला दगर पायजे. खाली दगर, वर माती. दुपारचे भरतीच्या आदी दगर परला नाय तं या सालाचं शेत इसरा."

सगळ्यांनी काळुरामकडे पाहिलं. बोलली ती बायजा. "पोरा, तुजे सरकारकरं दगरांचा डोंगर हाय. एक गारी नाय का आनता येवाची?"

"सरकारचे दगर हायेत ते, आये."

"मंग समिंदर कोनाचा हाय?"

काळुराम अंगात खाकी शर्ट अडकवून निघाला. गाडी कशी आणायची ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याचा स्वतःचा ट्रक रेडिएटर उतरवून कारखान्यात पडलेला होता. खाणीला लागूनच असलेल्या डेपोच्या फाटकात धोंडीबाचा ट्रक मात्र काळ्या दगडाने भरून उभा होता आणि धोंडीबा टपावर चढून दोरी आवळत होता.

धोंडीबा साताऱ्याकडचा. तोही लष्करातूनच खात्यात आला होता. विठ्ठलवाडीला एका खोलीत बायको विमलाबाईसोबत राहायचा आणि सकाळच्या गाडीने ठाण्याला यायचा. दुपारी दोघं एकाच ट्रकच्या सावलीला बसून भाकऱ्या सोडायचे. काळुरामच्या डब्यातली सुकी मच्छी धोंडीबाला चालत नसे, पण तो नाक मुरडायचा नाही. नुसता जरा वाऱ्याच्या दिशेने सरकून बसायचा.

काळुरामने त्याला खांडीचं सांगितलं.

धोंडीबा खाली उतरला. कपाळावरचा घाम त्याने मनगटाने पुसला. "दुष्काळात आमचं शेत गेलं तवा म्या बांधावर बसून बघितलंय," तो म्हणाला. "पाण्यावाचून गेलं ते. तुमचं पाण्यानं चाललंय. एकूण सारखंच." मग त्याने खिशातून किल्ली काढली. "एक खेप. टाकायचं आन् तडक परत यायचं. म्या हितं खाणीवर थांबतो, कुणी इचारलं तर सांगतो गाडी रस्त्यावर लावलीया."

"तुज्यावर आलं तं?"

"तू नीट जा, म्हंजी काय येत न्हाई."

काळुरामने गाडी काढली. खाडीवरचा पूल अरुंद. इकडच्या गाड्या सोडल्या की तिकडच्या थांबवायच्या, असं पुलाच्या तोंडाशी हवालदार हाताने करायचा. काळुराम पोचला तेव्हा हवालदाराचा हात आडवा होता. पलीकडून बैलगाड्या यायला लागल्या होत्या. काळुरामने ब्रेकवर पाय ठेवला. खिडकीतून त्याला खाली खाडी दिसली. पाणी वळलं होतं. चिखलाच्या काठावरून ते आत सरकत होतं, फेस पुढे ढकलत.

त्याने ब्रेकवरचा पाय काढला.

शिट्टी वाजली. पुन्हा वाजली. भरलेला ट्रक पुलावर चढला तसा सगळा पूल घुमायला लागला. समोरच्या गाड्या कडेला घुसल्या. एक मागेच राहिली. गाडीवान म्हातारा होता. बैल बुजले, चाक कठड्याला घासत गेलं, जू मोडल्याचा कडाका काळुरामला इंजिनाच्या आवाजातही ऐकू आला. आरशात त्याने पाहिलं, तर कलिंगडं पुलावरून घरंगळत चालली होती आणि म्हातारा दगडी फरशीवर एका हातावर पडलेला होता. पुढे वळण आलं आणि आरशात नुसती धूळ राहिली.

बांधावर पोचल्यावर माणसांनी आरोळी ठोकली. फळी सोडताच दगड गडगडत खांडीत गेले. बापये गळ्याइतक्या पाण्यात उतरून दगड सांधत गेले, बाया वरून चिखल टाकत गेल्या. पाणी चढलं, दगडांना धडकलं, फेसाळलं आणि थांबलं. नाथाने नारळ फोडला आणि पहिला तुकडा काळुरामच्या हातावर ठेवला. तुळसा चिखलाने माखलेल्या तोंडाने हसत होती. लग्नानंतर ती गावात कधी अशी मान वर करून हसली नव्हती.

काळुराम ट्रक घेऊन परत गेला. धोंडीबा खाणीच्या कडेला बाभळीखाली उकिडवा बसलेला होता.

"थांबलं का पाणी?"

"थांबलं."

"बेस झालं. वाटंत काय?"

काळुराम किल्ली पुढे करत म्हणाला, "काय नाय."

एवढे दोन शब्द. पुढे कितीतरी दिवस ते त्याच्या टाळूला चिकटून राहिले. म्हणायला त्याला इतकंच वाटलं होतं, की आत्ता सांगितलं तर ह्याचं तोंड उतरेल. उद्या सांगू. कदाचित काहीच होणार नाही.

समन्स आलं तेव्हा वैशाखाचं ऊन तापलं होतं. ओव्हरसियर हरिहरराव कचेरीच्या पायरीवर येऊन उभे राहिले. पांढरा सदरा, डोळ्यांवर हिरवी काच. मनाने वाईट नव्हते. पण बोलताना समोरच्याकडे बघायची त्यांना सवय नव्हती.

"धोंडीबा, हा नंबर तुझ्या गाडीचा आहे. पुलावर पोलिसाचा हात असताना तू गाडी घातलीस आणि एका गाडीवानाचा हात मोडलास. हे काय आहे?"

धोंडीबाला कळायला क्षणभर लागला. मग त्याने काळुरामकडे पाहिलं.

काळुराम ट्रकची पुढची काच पुसत होता. काच केव्हाच स्वच्छ झाली होती. त्याचा हात फिरतच राहिला. त्याला धोंडीबाची नजर पाठीवर जाणवत होती, घमेल्याच्या तापल्या कडेसारखी. आत्ता वळायचं, असं त्याने दोनदा मनात म्हटलं. हात थांबला नाही.

"व्हय साहेब," धोंडीबा म्हणाला. "गाडी माझीच."

मी होतो, असं तो म्हणाला नाही. ते काळुरामने बरोबर ऐकलं.

"ही तुझी दुसरी खेप आहे," हरिहरराव म्हणाले. पहिल्या वेळी धोंडीबा त्यांनाच घेऊन मोठ्या साहेबांच्या बैठकीला चालला होता. हाक, हाक, उशीर होतोय, असं शेजारून हरिहररावच म्हणत होते. तो दंड धोंडीबाने भरला होता आणि हरिहरराव बैठकीला वेळेवर पोचले होते. त्याची आठवण दोघांनाही असावी. हरिहररावांनी समन्सच्या कागदाची घडी घातली. "सरकारी गाडीचा दंड सरकार भरत नसतं. ज्याच्या हातात चाक, त्याने भरायचा. आणि दोनदा झालं की चाक हातात राहत नाही. मी काय करू?"

धोंडीबा कोर्टात उभा राहिला. गाडीवान गळ्यात हात अडकवून आला होता आणि त्याला डोळ्यांनी नीटसं दिसत नसल्यामुळे ड्रायव्हर हाच का, ह्यावर त्याने होय म्हणून मान हलवली. पुलावरच्या हवालदाराने सांगितलं, "आम्ही माणूस नाय लिहीत साहेब, नंबर लिहितो." दंड झाला. धोंडीबाने तो भरला. दुसऱ्या दिवशी त्याला गाडीवरून काढून खाणीवरच्या टोळीत घातलं. त्याच्या गाडीवर नवा माणूस आला.

आणि खाणीवर दगड भरायला रोज काळुरामचाच ट्रक जायचा.

पहिल्या दिवशी काळुरामने गाडी उलटी लावली आणि खाली उतरायला दार उघडलं. धोंडीबा टोळीत उभा होता. डोक्याला फडकं, अंगात तोच खाकी शर्ट, पण बाह्या कापलेल्या. पाटी डोक्यावर घेऊन तो फळीवरून वर चढला आणि पाटी ओतली. दगडांची धूळ खिडकीतून काळुरामच्या तोंडावर आली. त्याने उघडलेलं दार ओढून घेतलं. गाडी भरेपर्यंत तो चाकावर हात ठेवून बसून राहिला, इंजिन चालू ठेवून. इंजिन चालू असलं की बोलता येत नाही.

गाडी भरली. मागच्या फळीवर थाप पडली. "भरली, ड्रायव्हरसाहेब," धोंडीबा म्हणाला. "जाऊ द्या."

टोळीतली सगळी माणसं ड्रायव्हरला असंच म्हणायची. धोंडीबाच्या आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. काळुराम तो शोधत राहिला. सापडला असता तर बरं झालं असतं.

पुढे असंच चाललं. धोंडीबाचे तळवे आधी फुटले, मग घट्टे पडले. एकदा त्याच्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं काळुरामने आरशात पाहिलं. दुपारी काळुराम भाकर सोडायला गाडी लांब वडाखाली न्यायचा. डबा उघडायचा आणि बराच वेळ तसाच बसायचा. एकदा धोंडीबा पाणी प्यायला त्याच वडाकडे आला, तर काळुरामने झोपेचं सोंग घेतलं. पाण्याचा गटगट आवाज आला. मग चपला थांबल्या. काळुरामने डोळे मिटलेलेच ठेवले. थोड्या वेळाने चपला गेल्या.

घरी तुळसाच्या ते लक्षात आलं. ताटातला भात त्याने नुसता चिवडलेला असायचा. तो कायम झाल्याचा हुकूम आला त्या संध्याकाळी तिने हौसेने तांदळाचे पोले घातले, कोंबडी कापली. काळुराम पाटावर बसला आणि उठला. मागल्या पडवीत जाऊन तो घडवंचीवर टेकला. तुळसा मागोमाग आली. तेव्हा त्याने सगळं सांगितलं, पुलापासून.

तुळसा ऐकत उभी राहिली. हातातला पळा तिने खाली ठेवला नाही. "कोनाला बोल्लास काय?"

"नाय."

"बोलू नको." तिने आवाज खाली घेतला. "शेतान अजून मीठ हाय. पावसानी धुवून नेलं तं खावाला भात व्हईल, नाय नेलं तं तुजे पगारावरच बसायचं हाय. एवरा पावसाला जाऊ दे. मंग बोल."

"तवर तो दगर वाहील."

"आमी पन चिखल वायलाच ना!" ती म्हणाली आणि तिचेच डोळे भरले. तिला तो माणूस ठाऊक होता. गटारीला तो तिच्या हातची भाजी मागून खाऊन गेला होता, वहिनी वहिनी करत.

दाराआड बायजा होती. म्हातारीला कमी ऐकू येतं असं सगळे धरून चालायचे. ती काठी टेकत पडवीत आली आणि काळुरामच्या समोर जमिनीवर बसली.

"तू त्याचेपासी जाऊन बसलास काय?"

"कोनापासी?"

"ज्यानी चावी दिली त्याचेपासी. जाऊन बसलास? इचारलास, बाबा तुजं कसं चाललंय?"

काळुराम घडवंचीची कड नखाने खरवडत राहिला.

"मी तुना दगर आनाला सांगितलं," बायजा म्हणाली. "मानूस चिरराला नव्हतं सांगितलं. उद्या जा त्याचे घरी. सायबाकरं नंतर. आदी त्याचेकरं."

पण उद्या तो गेला नाही. परवाही नाही. विठ्ठलवाडीला जायचं म्हणजे विमलाबाईच्या समोर बसायचं, तिने दिलेलं पाणी प्यायचं आणि मग तोंड उघडायचं. कळव्याच्या फलाटावर तो एकदा उभाही राहिला, आणि गाडी आली तसा मागे सरला.

मग एक दिवस खाणीवर धोंडीबा दिसला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. टोळीतल्या पोपट नावाच्या माणसाला काळुरामने खिडकीतूनच विचारलं.

"त्याचा हात सापडला ना दगडात," पोपट म्हणाला. "उजवा. बोटं वाचली म्हणतात, पण वळत नाहीत. फळीवरून चढताना वरचा धोंडा आला. तुमच्याच गाडीत भरत होता की. परवा. तुम्हाला ठाऊक नाही?"

परवा गाडीमागे आरडाओरड झाल्याचं काळुरामला आठवलं. इंजिन चालू होतं. त्याने आरशात पाहिलं होतं, माणसं घोळक्याने उभी होती, मग कोणीतरी थाप मारली आणि तो निघाला होता.

त्याने गाडी अर्धी भरलेली तशीच कचेरीसमोर नेऊन उभी केली. आईचं बोलणं त्याला आठवलं. पण विठ्ठलवाडी लांब होती आणि साहेबाचं दार समोर होतं. खरं सांगायचं तर साहेबाच्या तोंडाकडे बघणं त्याला सोपं होतं.

"साहेब, पुलावर मी होतो," तो दारातूनच म्हणाला.

हरिहररावांनी मान वर केली. कोपऱ्यात कारकून अण्णा आणि शिपाई दोघंही थांबले.

"कुठल्या पुलावर?"

"धोंडीबाचा दंड माझा आहे. गाडी मी हाकत होतो. म्हातारा माझ्यामुळं पडला."

हरिहररावांनी डोळ्यांवरची काच काढली. पहिल्यांदाच त्यांनी काळुरामकडे सरळ पाहिलं आणि मग कारकुनाकडे. "काळुराम, तू घरी जा. तुला ऊन लागलंय."

"ऊन नाय लागलं साहेब. मी खरं सांगतो."

"मी सांगतो तुला, घरी जा." त्यांचा आवाज दबला होता. "पावसाळा संपला की मी त्याला पुन्हा गाडीवर घेणार आहे. मोठ्या साहेबांशी बोलून ठेवलंय. तू आता गप्प राहा."

एवढ्यावर काळुराम थांबू शकला असता. पण तोंड एकदा उघडलं होतं, आणि इतक्या दिवसांचं साठलेलं ते थांबेना. त्याने खांडीचं सांगितलं, भरतीचं सांगितलं, धोंडीबाने किल्ली दिल्याचं सांगितलं. सांगताना त्याला हलकं वाटत होतं. अंगावरून पाणी ओतावं तसं.

कारकून अण्णाने मान वर न करता विचारलं, "गाडी रिकामी होती?"

हरिहररावांनी डोळे मिटले.

"भरलेली होती," काळुराम म्हणाला.

"काय होतं?"

"दगड."

"कोणाचे?"

"सरकारचे."

अण्णा ते लिहायला लागला. हरिहरराव खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेले. "तुला मी सांगितलं होतं," ते बाहेर बघत म्हणाले. "गाडी चुकून जोरात गेली तर दंड होतो. पण सरकारी गाडी दुसऱ्याच्या हातात देणं आणि सरकारी माल परस्पर गावात टाकणं ह्याला मी काय म्हणू? आता चार माणसांनी ऐकलंय. मला वर कळवावंच लागेल. तुझी तर गेलीच. त्याचीही गेली. आता पावसाळ्यानंतर नाही आणि कधीच नाही."

तेव्हा कुठे काळुरामला कळलं की आपण काय केलं.

दोघांनाही काढल्याचा हुकूम निघाला, त्याच दिवशी तो विठ्ठलवाडीला गेला. आता गमवायला काही उरलं नव्हतं म्हणून गेला. चाळीच्या ओट्यावर विमलाबाई तांदूळ निवडत होती. उंच, हाडापेराने मोठी बाई. त्याला पाहून तिने सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला, पण या म्हणाली नाही. आतून धोंडीबा म्हणाला, "येऊ दे."

धोंडीबा भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर, फडक्यात गुंडाळलेला. काळुराम उंबऱ्याच्या आत बसला. विमलाबाईने पाणी आणून ठेवलं. ते त्याने उचललं नाही.

"मना माफ कर," तो म्हणाला.

धोंडीबाने डाव्या हाताने फडक्याची गाठ आवळली. "त्या दिवशी परत आलास, तवा म्या इचारलं, वाटंत काय. सांगितलं असतंस तर दोघं मिळून त्या म्हाताऱ्याकडं गेलो असतो. हाता-पाया पडलो असतो. मिटलं असतं. मला सायबासमोर कळलं, काळुराम."

"मी बोल्लो रे शेवटी. सगलं सांगितलं सायबाला."

"कुणासाठी सांगितलंस?" धोंडीबाचा आवाज चढला नाही. "पयल्यांदा गप बसलास ते तुझ्यासाठी. आन् मग बोललास तेबी तुझ्यासाठीच. मला एकदा इचारलं असतंस, धोंडीबा, बोलू का? म्या नगं म्हणलो असतो. मला सायबानं कबूल केलं होतं."

"मना म्हाईत नव्हतं."

"कसं असंल? तू गाडीतनं उतरलाच न्हाईस."

विमलाबाई पुन्हा ओट्यावर जाऊन तांदूळ निवडायला लागली होती. सुपाचा आवाज जोरात येत होता. काळुराम उठला. पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

आषाढात लावणीची घाई लागली. पावसाने खारीतलं मीठ बरंचसं धुऊन नेलं होतं. आवण, म्हणजे लावणीसाठी वाढवलेलं भाताचं रोप, हिरवं आलं होतं. काळुराम पहाटे नांगर धरायचा आणि अंधार पडला की गप्प येऊन निजायचा. तुळसाने त्याला नोकरीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. तिला वाटत होतं, आपण बोलू नको म्हणालो नसतो तर हे निराळं झालं असतं. हे ती कोणाला सांगू शकत नव्हती.

एका सकाळी बायजा धुतलेलं लुगडं नेसून, तुळसाला सोबत घेऊन गेली. कुठे ते तिने मुलाला सांगितलं नाही. विठ्ठलवाडीला ती विमलाबाईच्या ओट्यावर बसली आणि पायाचा चिखल खरवडत म्हणाली, "आमचे लावणीला मानूस नाय. या टायमाला कोन मिलत नाय. तुमी दोगा येतंव काय? मजुरी भाताची, कापनीला."

विमलाबाईने विचारलं, "उपकार करताय का म्हातारे?"

"उपकार काय करू? माजे घरान काय हाय?" बायजा म्हणाली. "मना मानसं पायजेत."

घरात पीठ संपत आलं होतं. एका हाताच्या माणसाला कोणी कामावर घेत नव्हतं. विमलाबाईने आत पाहिलं. धोंडीबाने खुंटीवरचा सदरा काढला.

काळुराम शेतात आवण खणत होता. मान वर केली तेव्हा बांधावरून आई, तिच्यामागे तुळसा, विमलाबाई आणि सगळ्यांच्या मागे धोंडीबा येताना दिसला. खांडीच्या जागेवरून ते एकामागून एक चालत आले. त्याचे हात आवणातच थांबले.

विमलाबाई न बोलता चिखलात उतरली आणि तुळसाच्या शेजारी वाकली. धोंडीबाने चपला बांधावर काढून ठेवल्या. तो घाटावरचा माणूस. खारीचा चिखल त्याला नवा. पहिल्याच पावलाला तो गुडघ्यापर्यंत आत गेला. काळुराम धावला आणि त्याने हात पुढे केला.

धोंडीबाने त्या हाताकडे पाहिलं. मग डावा पंजा आपल्याच गुडघ्यावर रोवून तो दात आवळत वर निघाला.

काळुराम हात तसाच मागे घेऊन उभा राहिला. पाऊस भुरभुरत होता. धोंडीबाने दोन-चार पावलं टाकून पाय कसा टेकायचा ते बघितलं, मग वाकला आणि डाव्या हाताने रोप लावायला लागला. रोप वाकडं बसत होतं. तो पुन्हा उपटून लावत होता. हातातली मूठ संपल्यावर तो वाकलेलाच थांबला.

काळुरामने बांधावरची जुडी उचलली आणि लावणीत टाकतात तशी त्याच्याकडे टाकायला हात मागे नेला.

"टाकू नको," धोंडीबा म्हणाला. मान वर न करता. "ह्यो हात झेलत न्हाई. हितं आणून दे."

काळुराम चिखल तुडवत त्याच्यापर्यंत गेला आणि त्याने जुडी धोंडीबाच्या डाव्या हातात दिली. धोंडीबाने ती घेतली, उजव्या कोपरात दाबून धरली आणि पुन्हा वाकला. काळुराम परत फिरून बांधाकडे गेला. दुसरी जुडी उचलली. दिवेलागणीपर्यंत तो असा बांधापासून धोंडीबापर्यंत आणि धोंडीबापासून बांधापर्यंत चालत राहिला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडीबा पुन्हा आला.